३५० शेव्हेलला ७५० डबल पंपर नको: क्वाड्राजेट कार्बुरेटरच्या जागी काय बसवावं

तुम्ही दिलेली माहिती अशी: १९७० ची शेव्हरोले शेव्हेल, ३५० घनइंचाचं इंजिन, स्टॉक (कंपनीचा मूळचा) कॅम, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलला ३.०८ चा गिअर, मूळचाच लोखंडी मॅनिफोल्ड (कार्बुरेटर ज्यावर बसतो तो, इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा भाग). गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. मूळचा क्वाड्राजेट कार्ब (कार्बुरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवेचा) होता, म्हणून आता हॉली ७५० डबल पंपर (दोन पंपांचा कार्ब) घ्यायचा विचार आहे.

तो घेऊ नका. क्वाड्राजेटचे ७५० आणि डबल पंपरचे ७५० यांत मोठा फरक आहे. क्वाड्राजेटचे पुढचे दोन घसे जेमतेम १ ३/८ इंचाचे आणि मागचे तब्बल २ १/४ इंचाचे. मागच्या घशांवर वरून एक एअर व्हॉल्व्ह असतो. पेडल पूर्ण दाबलं तरी इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढाच तो उघडतो. त्यामुळे ७५० चा कार्ब छोट्या इंजिनावरही नीट चालतो. डबल पंपरमध्ये मागच्या पाकळ्या (घशातली हवा अडवणाऱ्या थ्रॉटलच्या झडपा) थेट लिंकेजने उघडतात. कमी आरपीएमला त्या उघडल्या की घशातला हवेचा वेग पडतो, बूस्टरला (घशातली पेट्रोल ओढणारी नळी) पेट्रोल खेचायला जोर उरत नाही आणि गाडी आधी घुटमळते, मग पळते. हलकी गाडी, मॅन्युअल गिअर आणि ४.१० चा मागचा गिअर असेल तर हे खपून जातं. ३.०८ आणि स्टॉक कन्व्हर्टरवर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) प्रत्येक सिग्नलला जाणवेल.

हिशोब सोपा आहे. घनइंच गुणिले कमाल आरपीएम, भागिले ३४५६. ३५० ला ५५०० ने गुणून भागलं की ५५७ येतात. ही झाली सिलिंडर शंभर टक्के भरणाऱ्या इंजिनाची गरज. स्टॉक इंजिन ८५ टक्क्यांच्या आसपास भरतं, म्हणजे साधारण ४७५. तेव्हा ६०० सीएफएम पुरून उरतो.

पण पैसे टाकण्याआधी जुना कार्ब खरंच मेलाय का ते बघा. आधी पॉइंट्स (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) तपासा, ड्वेल (ते मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशांच्या आसपास हवा. कार्बच्या नावाने होणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच इग्निशनच्या निघतात. मग सकाळी, गाडी सुरू न करता, एअर क्लीनर काढून घशात बघत थ्रॉटल हाताने ओढा. कार्बमधल्या पंपाची पेट्रोलची धार आली नाही तर बहुधा रात्रीतून बाउल (कार्बमधली पेट्रोलची वाटी) रिकामा झालाय. क्वाड्राजेटच्या बॉडीखाली पेट्रोलच्या विहिरींची बुचं असतात, ती झिरपतात आणि पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये उतरतं. इपॉक्सीने ती बंद करता येतात. मात्र आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर उडूनही जातं, म्हणून बॉडी उघडून बुचांभोवती ओल आहे का ते पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका. दुसरी जागा थ्रॉटल शाफ्ट (पाकळ्यांचा दांडा). बोटाने वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर तिथून हवा शिरतेय आणि आयडल कधीच स्थिर लागणार नाही. बुश बसवून तेही दुरुस्त होतं. तिसरा फ्लोट (बाउलमधली पातळी राखणारा तरंगा). मूळचा काळा फोमचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो, मग बाउल ओसंडतो आणि काळा धूर येतो. नवा फ्लोट स्वस्त आहे, रिबिल्ड करताना बदलाच.

माझं स्पष्ट मत: शाफ्टला बुश, नवा फ्लोट, बुचं बंद आणि चांगलं किट एवढ्यावर भागत असेल तर या गाडीला क्वाड्राजेटच सर्वांत योग्य. ड्रायव्हरच्या बाजूला, मागे, बॉडीवर उभा नंबर कोरलेला असतो. ७०४० ने सुरू होत असेल तर तो १९७० चा. असा कार्ब जुन्याच्या बदल्यात रिबिल्ट देणाऱ्या दुकानात कधीही देऊ नका. परत येतो तो दोन-तीन वेगवेगळ्या कार्बचे भाग जोडलेला, आणि गाडीचा नंबरवाला कार्ब गेला तो गेलाच.

नवाच घ्यायचा ठरला तर एडलब्रॉक १४०६ घ्या: ६०० सीएफएम, इलेक्ट्रिक चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून हवा अडवणारी झडप). मूळ रचना कार्टर एएफबीची. बाउलच्या पातळीखाली पॅकिंग नाही, त्यामुळे बाहेर गळण्याची कटकट कमी. हॉलीच हवा असेल तर व्हॅक्यूम सेकंडरीचा (मागचे घसे इंजिनाच्या ओढीने उघडणारा) ६०० घ्या, १८५० किंवा इलेक्ट्रिक चोकचा ८०४५७. हॉलीचा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागल्यावर जादा पेट्रोल देणारा) निवडताना गाडी ड्राइव्हमध्ये, ब्रेक दाबून, व्हॅक्यूम मोजा आणि त्याच्या निम्म्याच्या आसपासचा आकडा घ्या. १३ इंच आला तर ६.५ चा.

आता खरी अडचण. हे दोन्ही कार्ब स्क्वेअर बोअर (चारही घसे जवळपास सारखे), तुमचा मॅनिफोल्ड स्प्रेड बोअर (पुढची भोकं लहान, मागची मोठी). मॅनिफोल्डची मागची भोकं एवढी रुंद असतात की कार्बचा तळ ती धड झाकत नाही आणि कडेने हवा खेचली जाते. म्हणून अडॅप्टर लागतो. कार्ब बसवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, थ्रॉटल हाताने पूर्ण उघडून पाकळ्या अडॅप्टरला घासत नाहीत ना ते पाहा. अडकलेली पाकळी म्हणजे पूर्ण रेसमध्ये अडकलेली गाडी. उंचीही वाढते: एअर क्लीनरच्या नटवर मळलेल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट अलगद बंद करा, पुन्हा उघडून माती किती दबली ते बघा. अर्धा इंच तरी जाडी राहिली पाहिजे. बोल्ट तिरकस क्रमाने, थोडे थोडे आवळा. एकच कोपरा आधी आवळला की तळ वाकतो.

टर्बो ३५० ला किकडाउन केबल (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) असते. नव्या लिव्हरवर ती अशी बसवा की पेडल तळाला टेकलं की पाकळ्या उभ्या आणि केबल पूर्ण ओढलेली. इंजिन बंद ठेवून दुसऱ्याला पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही घशात बघा. गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरची (व्हॅक्यूमवरून इंजिनावरचा भार ओळखणारा भाग) नळी मॅनिफोल्ड व्हॅक्यूमलाच हवी, पोर्टेडला (थ्रॉटल उघडल्यावरच व्हॅक्यूम देणाऱ्या तोंडाला) लावली तर गिअर उशिरा आणि झटक्याने पडतील. पीसीव्हीसाठी (इंजिनातली वाफ परत ओढणारी व्यवस्था) कार्बच्या तळातली ३/८ इंचाची मोठी नळी वापरा.

तुमचा मूळ चोक मॅनिफोल्डमधल्या स्प्रिंगवर सळईने चालतो, ती सळई आता काढावी लागेल. इलेक्ट्रिक चोकला किल्ली फिरवल्यावर येणारे पूर्ण १२ व्होल्ट द्या. कॉइलच्या प्लसवरून वायर घेऊ नका. पॉइंट्सच्या गाडीत तिथे रेझिस्टन्स वायर असते, व्होल्ट कमी मिळतात, चोक उशिरा उघडतो आणि वर कॉइलही उपाशी राहते.

पेट्रोलचं प्रेशर गेजने मोजा. एडलब्रॉकला ६.५ पीएसआयच्या वर चालत नाही, पेट्रोल अडवणारी सुई उचलली जाते आणि बाउल भरून वाहतो. बदली मेकॅनिकल पंप कधीकधी त्याहून जास्त देतात, मग रेग्युलेटर लावा. पेट्रोलची लाइन नव्या इनलेटपर्यंत न्यावी लागेलच, तेव्हा रबरी तुकडेही बदलून टाका. इथेनॉल जुनं रबर आतून कुरतडतं.

ट्यूनिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. दोन्ही मिक्श्चर स्क्रू दीड फेरा उघडे ठेवून सुरुवात करा, व्हॅक्यूम गेज लावा आणि पाव पाव फेऱ्याने दोन्ही समान फिरवत सर्वांत जास्त व्हॅक्यूम शोधा. १४०६ कंपनीतूनच जरा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) येतो. त्यात .०७५ × .०४७ इंचाची रॉड (जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या भोकात बसून प्रवाह ठरवणारी सळई) असते. हायवेवर एकसारख्या वेगात गाडी मागेपुढे ओढल्यासारखी झाली तर .०७३ ची किंवा .०७० ची रॉड घाला. रॉड बारीक तेवढं पेट्रोल जास्त. कार्ब उघडावा लागत नाही, वरचे दोन छोटे स्क्रू सैल केले की झाकण फिरतं आणि रॉड बाहेर येते. आयडलवरून पेडल दाबताना गाडी क्षणभर दबली तर आधी पंपाची कडी कार्बच्या जवळच्या भोकात घाला, जेट नंतर बघू.