निवड पालकांची की शाळेची? अमेरिकेतल्या व्हाउचरविषयी (खासगी शाळेच्या फीसाठी मिळणारा सरकारी पैसा) वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. पब्लिक स्कूलमध्ये (म्हणजे सरकारी शाळेत) त्याला आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी मिळते. जवळची खासगी शाळा म्हणते, राज्याचं ईएसए खातं (व्हाउचरचाच एक प्रकार, खासगी शिक्षणाचे पैसे पालकांच्या खात्यात येतात) उघडा, वर्षाला सात-आठ हजार डॉलर मिळतील. उघडावं का? (फीनिक्स, ॲरिझोना)

उत्तर : सही करण्याआधी करार नीट वाचा. मुलाला पब्लिक स्कूलमध्ये घालणार नाही आणि त्याला शिकवण्याच्या जबाबदारीतून डिस्ट्रिक्ट (तुमच्या भागातल्या पब्लिक स्कूल चालवणारी संस्था) मोकळं झालं, असं त्यात तुम्ही लिहून देता. तिथेच त्याच्या आयईपीमागचं (थेरपीसारख्या खास मदतीचा शाळेने आखलेला लेखी आराखडा) कायद्याचं बळ जातं. योग्य ते शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क मुलाला आयडीईए हा केंद्रीय कायदा देतो, पण तो बजावून घ्यायचा असतो डिस्ट्रिक्टकडून. उद्या खासगी शाळेने थेरपी बंद केली, तर दाद मागायला ती सुनावणीची वाट उरत नाही.

आता हिशेब मांडू. समजा फी 11,000 आणि खात्यात येणार 7,500. म्हणजे 3,500 खिशातून. थेरपीच्या एका बैठकीला 100 डॉलर धरले, तर आठवड्याला दोन याप्रमाणे 36 आठवड्यांचे 7,200 होतात. शाळेकडे स्वतःचा थेरपिस्ट नसेल तर हेही तुम्हीच बघायचं. अपंगत्वाच्या प्रकारानुसार रक्कम वाढते हे खरं, पण स्वमग्न मुलासाठीच्या वाढीपुढे बोलण्याच्या अडचणीसाठीची वाढ अगदीच थोडी आहे. शिवाय राज्याचे पैसे तिमाहीने येतात आणि शाळेला प्रवेशाची रक्कम आधी हवी असते. पहिल्याच महिन्यात ओढाताण होते ती यामुळे. नोंदणी, पुस्तकं, गणवेश, बस यांसह फीचं पत्रक लेखी मागा. पुढच्या वर्षी प्रवेश कायम राहील का आणि कोणत्या कारणाने नाकारला जाऊ शकतो, हेही लेखीच घ्या.

तरीही जायचं ठरलं, तर चालू आयईपी आणि अलीकडच्या मूल्यमापनाची प्रत पब्लिक स्कूल सोडण्याआधी हातात घ्या. वाढीव रकमेसाठी तीच लागते. परत यायचं झालं तर करार संपवून येता येतं आणि डिस्ट्रिक्टला मुलाला घ्यावंच लागतं, पण थेरपीची घडी पुन्हा बसेपर्यंत मधले महिने मुलाचे जातात. आमच्या मते, थेरपी चांगली चालली असेल तर नुसत्या रकमेकडे बघून हलू नका.

प्रश्न : व्हाउचरवाले म्हणतात, मूल खासगी शाळेत गेलं की त्याच्यावरचा खर्चही गेला. मग आमच्या शाळेत तूट का येते? (डॅलस, टेक्सस)

उत्तर : कारण पैसे डोक्यागणिक जातात आणि खर्च वर्गागणिक होतो. बालवाडी ते पाचवी, प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या, तुकडीत 20 मुलं, अशी 480 मुलांची शाळा डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात 24 मुलं गेली, प्रत्येक तुकडीतून एक. तुकडीत 19 उरली म्हणून शिक्षक कमी करता येत नाही. बस त्याच रस्त्याने जाते, वातानुकूलन तेवढंच चालतं, नर्स आणि मुख्याध्यापक तेच. राज्याकडून मुलामागे 8,000 डॉलर येत असतील, तर 1,92,000 डॉलर मात्र आटले. तीच 24 मुलं एकाच इयत्तेतून गेली असती तर एक तुकडी मिटवता आली असती. तसं सहसा होत नाही, म्हणून कात्री लागते ती ग्रंथपाल, चित्रकला, वाचनात मागे पडलेल्यांचे जादा तास यांना.

मुलं कायमची कमी झाली तर काही वर्षांनी शाळा एकत्र करून खर्च खाली आणता येतो, हे व्हाउचरवाल्यांचं म्हणणं चूक नाही. फक्त मधली वर्षं कोणी सोसायची, हे ते सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. ॲरिझोनाने 2022 मध्ये ईएसए सगळ्यांना खुलं केलं, तेव्हा सुरुवातीच्या अर्जांतली बहुतेक मुलं पब्लिक स्कूलमध्ये नव्हतीच. त्यांची फी पालक भरत होते, ती राज्यावर आली. इथे एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे गेले नाहीत, नवा खर्च उभा राहिला. टेक्ससचा 2025 चा कायदा पहिल्या टप्प्यात एक अब्ज डॉलरचा आहे. तुमच्या आमदाराला एवढंच विचारा : यातली किती मुलं गेल्या वर्षी पब्लिक स्कूलमध्ये होती?

प्रश्न : हा सरळसरळ रिपब्लिकन विरुद्ध डेमोक्रॅट वाद आहे ना?

उत्तर : विधिमंडळात बहुतेक वेळा तसं दिसतं, मतपेटीत नाही. केंटकीने नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रंप यांना भरघोस मतं दिली आणि त्याच मतपत्रिकेवर खासगी शाळांना सरकारी पैसा देण्याची घटनादुरुस्ती साधारण 65 टक्क्यांनी फेटाळली. ॲरिझोनातही 2018 मध्ये मतदारांनी ईएसएचा विस्तार नाकारला होता. चार वर्षांनी विधिमंडळाने त्याहून मोठा विस्तार केला.

टेक्ससमध्ये 2023 साली 21 रिपब्लिकन आमदारांनी, त्यांतले बरेचसे ग्रामीण भागातले, व्हाउचर विधेयकातून काढायला लावलं. त्यांच्या भागात खासगी शाळा जवळपास नाहीतच. तिथे पब्लिक स्कूलच गावातल्या बऱ्याच जणांना नोकरी देतं आणि शुक्रवारी रात्री सारा गाव फुटबॉलला तिथेच जमतो. ज्या निवडीला पर्यायच नाही, तिच्यासाठी आपला कर का द्यायचा, हा त्यांचा सवाल रास्त होता. पुढच्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नरांनी त्यांच्याविरुद्ध जोर लावला, अनेक जण पडले आणि 2025 मध्ये कायदा झाला.

दुसऱ्या बाजूला, मिलवॉकीत 1990 मध्ये व्हाउचर सुरू झालं ते गरीब कुटुंबांसाठी, आणि त्यामागे तिथल्या कृष्णवर्णीय डेमोक्रॅट आमदार पॉली विल्यम्स होत्या. उत्पन्नाची अट पुढे सैल होत गेली, तेव्हा त्यांनीच विरोध केला. म्हणून पक्ष नंतर बघा, आधी कायद्यातली पात्रतेची कलमं बघा : उत्पन्नाची मर्यादा किती, आणि व्हाउचर असलेल्या मुलाला नाकारण्याची मुभा शाळेला आहे की नाही.