फोन कानाला लावला की आवाज बारीक

प्रश्न : ताई, गेले काही महिने फोनवर समोरच्याचं बोलणं फार बारीक ऐकू येतंय. रिंग खणखणीत वाजते, व्हिडिओ मोठ्यानं ऐकू येतात, कॉल स्पीकरवर टाकला तर शब्द न् शब्द कळतो. फोन कानाला लावला की मात्र "जरा मोठ्यानं बोल" एवढंच मी म्हणत राहते. मुलगा म्हणतो, "आई, फोन ठीक आहे, तुझे कान तपासून घे." सून म्हणते, नवा फोन घ्या. मी काय करू?
— एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, नवा फोन घेण्याची घाई नको आणि कानांवर शिक्का मारण्याचीही नको. तुम्ही पत्र इतकं नेमकं लिहिलंय की निम्मं निदान त्यातच झालंय. स्पीकरवर सगळं स्पष्ट येतं, म्हणजे नेटवर्क, सिम आणि समोरच्याचा फोन या तिघांची सुटका झाली. आवाज तुमच्या फोनपर्यंत नीट पोचतोय. अडतंय ते फोनमधून कानात जाताना.

फोनला बहुधा दोन स्पीकर असतात. खालच्या कडेचा मोठा, ज्यातून रिंग आणि गाणी वाजतात. वरच्या कडेला, कॅमेऱ्याजवळच्या बारीक फटीमागे दुसरा लहानसा. आम्ही दुरुस्तीवाले त्याला रिसीव्हर किंवा इअरपीस म्हणतो. हे दोन्ही वेगळे, त्यांचा आवाज कमीजास्त करण्याची व्यवस्थाही वेगळी. रिंगचा आवाज पूर्ण वाढवला म्हणून कॉलचा वाढत नाही. कॉलचा आवाज वाढवायचा तर कॉल चालू असतानाच, फोन कानाला लावलेला असताना, बाजूचं वरचं बटण दाबायचं. स्पीकरवर असताना दाबलंत तर अनेक फोनवर फक्त स्पीकरचा आवाज वाढतो, कानाचा आहे तिथेच राहतो. दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या अशा तक्रारींतल्या कितीतरी या एका बटणावर मिटतात, आणि ते कुणी कधी सांगितलंच नाही म्हणून माणसं महिनोन्महिने ओरडून बोलत असतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आवाज वाढवून झाल्यावर एकदा ब्लूटूथ बंद करून पाहा. फोनला घड्याळ किंवा कानातली बटणं जोडलेली राहिली असतील, तर आवाज तिकडेच निघून जातो.

तरी फरक पडला नाही तर माझी आवडती चाचणी करा. व्हॉट्सॲपवर कुणाचा तरी स्पष्ट बोललेला व्हॉइस मेसेज निवडा. तो आधी फोन समोर धरून ऐका. तेव्हा तो खालच्या स्पीकरमधून येतो. मग तोच पुन्हा लावा आणि लगेच फोन कानाला लावा. फोनला कान जवळ आल्याचं कळतं आणि आवाज वरच्या इअरपीसमधून येऊ लागतो. तोच आवाज, तेच वाक्य, मध्ये नेटवर्क नाही. समोर धरल्यावर छान आणि कानाशी मलूल, तर दोष इअरपीसच्या वाटेवर आहे. आता फोन मुलाच्या हातात द्या आणि तोच मेसेज त्याला त्याच्या कानाशी ऐकायला सांगा. त्यालाही बारीक वाटला, तर तुमच्या कानांचा प्रश्नच मिटला, आणि हे त्याला स्वतःच्या कानांनी कळलेलं बरं.

इअरपीसच्या फटीवर अगदी बारीक विणीची जाळी असते. दिवसातून अनेकदा ती गालाला आणि कानाला टेकते. त्वचेचं तेल, पावडर, घाम, खिशातली धूळ यांचा तिच्यावर हळूहळू थर बसतो. रोज थोडा थोडा बसत असल्यामुळे आवाज एका दिवसात जात नाही, महिन्यांत उतरतो. तुम्ही लिहिलंय तसाच. काचेचा स्क्रीन गार्ड लावलेला असेल तर आधी तो बघा. त्याची खाच फटीच्या बरोबर समोर नसेल, किंवा खाचेच्या कडेला मळाची रेघ जमली असेल, तर निम्मा आवाज तिथेच अडतो. हल्लीच्या फोनची फट स्क्रीनच्या आणि चौकटीच्या मधोमध केसाएवढी असते. गार्ड किंवा कव्हरची कड किंचित वर सरकली तरी ती बुजते. गार्ड काढून तोच व्हॉइस मेसेज पुन्हा ऐका. गार्ड गेला तर नवा मिळेल, पण संशय एकदाचा फिटेल.

साफ करायची पद्धत सांगते. फोन बंद करा. अगदी मऊ, कोरडा, न वापरलेला टूथब्रश घ्या. फोन असा धरा की फट जमिनीकडे राहील, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. दाब न देता, ब्रश तिरका धरून, फटीच्या लांबीच्या दिशेनं हलकेच फिरवा. मध्येमध्ये ब्रश झटका. चिवट मळ असेल तर कागदी चिकटपट्टीचा तुकडा फटीवर बोटानं हलकेच दाबून सरळ वर उचला. पट्टीवर आलेला काळपट ठसा बघितला की आवाज कुठे अडत होता ते दिसतं. टाचणी, सुई, टूथपिक यांतलं काहीही जाळीत घालू नका. जाळीमागे लगेच पातळ पडदा आहे, तो फाटला की मग खरोखर भाग बदलावा लागतो. सॅनिटायझर, पाणी, स्पिरिट फटीत सोडू नका, तोंडानं फुंकू नका, हवेच्या दाबाचा डबाही मारू नका. मळ आत ढकलला गेला की तो बाहेर काढणं आमच्याही हाताबाहेर जातं.

आणखी एक. फोन मोठे झाले, पण कान तेवढाच राहिला. बरेच जण फोन इतका वर धरतात की फट कानाच्या भोकासमोर न येता वरच्या पाळीवर टेकते. कॉल चालू असताना फोन बोटभर खाली-वर सरकवा. एका जागी आवाज एकदम उघडेल. तीच तुमच्या फोनची जागा, ती हाताला सवयीची करा.

एवढं सगळं करूनही मुलाला स्पष्ट ऐकू येतंय आणि तुम्हाला नाही, असं झालं तर दुसऱ्या कानाला लावून पाहा. एका कानाला ठीक आणि दुसऱ्याला बारीक असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. साधा मळही असू शकतो. वयाप्रमाणं ऐकणं कमी होत असेल तर त्यालाही चांगले उपाय आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे मात्र सगळ्याच वाचकांनी लक्षात ठेवावं : एखाद्या दिवशी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, एका कानानं ऐकू येणं कमी झालं, तर फोन साफ करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अचानक आलेल्या अशा बहिरेपणावर उपचार जितक्या लवकर सुरू होतात तितकी ऐकणं परत येण्याची आशा जास्त असते. "फोन बिघडलाय बहुतेक" या समजुतीत हे मोलाचे दिवस जाऊ नयेत, म्हणून एवढं लांबवून लिहिते आहे.

प्रश्न : मी लेथवर काम करतो. ब्रशनं कितीही साफ केलं तरी काही दिवसांत फोनचा आवाज परत बसतो. जाळीवर काळी भुकटी दिसते. काय करावं?

उत्तर : दादा, ती नुसती धूळ नाही, लोखंडाची बारीक भुकटी आहे. इअरपीसच्या आत लोहचुंबक असतं. त्याच्याच जोरावर पडदा हलतो आणि आवाज निघतो. ते चुंबक हवेतली लोखंडी भुकटी जाळीवर ओढून धरतं, म्हणून ब्रशनं ती फक्त इकडची तिकडे सरकते. तुम्हाला उचलणारं काहीतरी हवं : चिकटपट्टी, किंवा भिंतीवर कागद चिकटवायला वापरतात तो मळलेल्या मेणासारखा पुनःपुन्हा वापरता येणारा चिकट गोळा. गोळा जाळीवर टेकवा आणि उचला, घासू नका, आत दाबू नका. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत नवी जागा वापरत राहा. बाहेरून दुसरं जोराचं चुंबक लावून भुकटी काढायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. फोनमधल्या होकायंत्राचं आणि कॅमेऱ्याचं काम त्यानं बिघडू शकतं. आणि कामाच्या वेळी फोन झाकणाच्या डब्यात किंवा बंद पिशवीत ठेवा. तुमच्या बाबतीत साफसफाईपेक्षा हेच जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : आवाज पुरेसा मोठा आहे, तरी साध्या कॉलवर शब्द कळत नाहीत. 'सात' की 'आठ', 'पास' की 'पाच' असा गोंधळ होतो. व्हॉट्सॲप कॉलवर त्याच माणसाचं बोलणं स्वच्छ येतं. इअरपीस बदलू का?

उत्तर : नका बदलू. तुमचा इअरपीस उत्तम आहे, नाहीतर व्हॉट्सॲपवरही गोंधळ झाला असता. तुमच्याकडे आवाज कमी नाही, आवाजाची वरची बाजू कापली जातेय.

जुन्या टेलिफोनच्या काळापासून साध्या कॉलमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पाठवला जातो. माणूस ओळखायला आणि बोलण्याचा अर्थ लावायला तो पुरतो. पण स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा भाग याच्या वर असतो. तो गळाला की 'पास' आणि 'पाच' सारखेच वाटू लागतात, आणि आवाज कितीही वाढवला तरी गळालेलं परत येत नाही. उतारवयात कान आधी याच वरच्या पट्टीला कमी प्रतिसाद देतात, त्यामुळे वडीलधाऱ्यांना या कॉलचा त्रास दुहेरी होतो. "मोठ्यानं बोलू नकोस, नीट बोल" असं ते म्हणतात ना, ते शब्दशः खरं असतं.

चौथ्या पिढीच्या नेटवर्कवरून जाणारा कॉल, ज्याला व्होल्टी म्हणतात, तो सहसा सुमारे ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेतो. फरक पहिल्याच वाक्यात कळतो. फोनच्या सेटिंगमध्ये सिम किंवा मोबाइल नेटवर्कच्या पानावर 'व्होल्टी' किंवा 'फोर-जी कॉलिंग' असा पर्याय असतो, तो चालू आहे ना बघा. कित्येक फोनवर असा कॉल लागला की पडद्यावर 'एचडी' दिसतं. अट एकच : हे दोन्ही टोकांना हवं. समोरचा जुन्या नेटवर्कवर असेल तर तुमच्याही वाट्याला तोच कापलेला आवाज येतो. म्हणून त्यांच्याही फोनवर हा पर्याय चालू करून द्या. तोवर महत्त्वाचे आकडे, औषधांची नावं, पत्ते हे सगळं संदेशानं मागवा.

प्रश्न : सगळ्यांचं नीट ऐकू येतं, फक्त एका मैत्रिणीचा आवाज दबलेला येतो. दोष माझ्या फोनचा का?

उत्तर : नाही, तिच्या फोनचा. तिच्या फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी, टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे, तो मायक्रोफोन. कव्हरनं ते झाकलं गेलंय का, त्यात मळ बसलाय का, की बोलताना तिची करंगळी त्यावर येते, हे तिला बघायला सांगा. त्या भोकातही सुई घालायची नाही, तोच मऊ कोरडा ब्रश वापरायचा.

प्रश्न : फोन पावसात भिजला. चालतो, पण कानाशी आवाज घशात अडकल्यासारखा येतो.

उत्तर : जाळीच्या बारीक छिद्रांत पाण्याचा पापुद्रा धरलाय. फोन बंद ठेवा, चार्जिंगला लावू नका, फट खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि हवा खेळती असेल अशा जागी सावलीत ठेवा. धान्यात पुरू नका. त्याचा कण नि पीठ फटीत जातं. हेअर ड्रायरही नको, उष्णतेनं आतला गोंद सुटतो. सहसा पाणी सुकलं की आवाज आपोआप मोकळा होतो. पूर्ण सुकूनही आवाज फाटका किंवा खरखरता राहिला, तर पडदा किंवा जोडणी खराब झालीय. तेव्हा अधिकृत सेवा केंद्रात दाखवा आणि फोन भिजला होता हे त्यांना आधीच सांगा. ते लपवलं की तपासणारा भलतीकडेच शोधत बसतो.

प्रश्न : कॉलचा आवाज दुप्पट करणारं ॲप घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. अशी ॲप गाण्यांचा आणि व्हिडिओंचा आवाज वाढवतात. कॉलच्या आवाजापर्यंत बहुतेकांचा हात पोचतच नाही, आणि परवानग्या मात्र नको तेवढ्या मागतात. आधीच घेतलं असेल तर काढून टाका, फोन बंद करून चालू करा. काही सॅमसंग फोनवर कॉलचा नंबर टाकतो तिथे स्टार, हॅश, शून्य, स्टार, हॅश असं दाबलं की तपासणीचं पान उघडतं. त्यात 'रिसीव्हर' वर बोट ठेवून फोन कानाला लावा. सलग सूर जोरात आला तर इअरपीस धडधाकट आहे, मग जाळी सोडून सेटिंग आणि नेटवर्ककडे बघा. सूर मलूल आला तर ब्रश घ्या.