एकच झाड धर

प्रिय,

तुझं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र तू खोलीतल्या बाकीच्या तिघींना दाखवणार हे मला माहीत आहे. खुशाल दाखव.

परवा जिन्यात तू म्हणालीस, "काकू, अभ्यासिकेतून जेवायला येते तेव्हा मागच्या उंबरावरचे पक्षी बघत उभी राहते. बरं वाटतं, पण मग दिवसभर चोरी केल्यासारखं वाटत राहतं. मुख्य परीक्षा होईपर्यंत बंद करू का?" कुकर लावलेला होता म्हणून मी हो-हो करून आत गेले. पण त्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. परभणीहून स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येऊन नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरीला झाडाकडे बघायची चोरी वाटावी, याचा मला फार राग आला. तुझा नव्हे.

बंद करू नकोस. माझी तक्रार उलटी आहे. तू बघतेस ते फार पसरट बघतेस.

आवाज आला की तू फोन काढतेस, आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या त्या मर्लिन अ‍ॅपवर नाव आलं की फोन खिशात आणि मान खाली. रविवारी ग्रुपबरोबर वेताळ टेकडी. पोस्ट मिळाली की कास, मग ताडोबा, मग भरतपूर, ही यादी तू मला हौसेने ऐकवलीस. जा की, कोण नको म्हणतंय? पण तुला आत्ता जो आधार हवा आहे तो त्या यादीत नाही. एकच झाड धर. रोज तेच झाड, त्याच जागी उभं राहून, वर्षभर. दुसरं काही मी तुला सांगणार नाही, आणि हे मात्र पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

टेकडीचंच घे. फेब्रुवारीत तू वरून आलीस ती भारावून, काय गुलाबी बहर म्हणून. तो बहर गिरीपुष्पाचा. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड, पुण्याच्या टेकड्यांवर वनखात्याने भरमसाट लावलेलं. गावाकडे त्यालाच उंदीरमारी म्हणतात. फुलं सुंदर, नाही कशाला म्हणू? पण पुढे धरतात त्या कोरड्या शेंगा, फळं खाणाऱ्या पाखराला त्यात काही नाही. एका रविवारच्या फेरीत हे कळत नाही. फुलं गळाल्यावर त्याच झाडाखाली पुन्हा जाऊन उभं राहिलं तरच कळतं.

आता आपला उंबर. तू हिरवा म्हणतेस तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा, कपाळ लाल, गळ्याखाली लाल पट्टा, डोळ्याभोवती पिवळं. सकाळी उन्हं आली की अगदी शेंड्याच्या वाळक्या फांदीवर बसतो. कसब्यातल्या तांबट आळीत हातोडी पडते तसा टुक, टुक, टुक, एका लयीत. पण त्या वेळी त्याच्या चोचीकडे बघ. चोच मिटलेली असते! गळा तेवढा फुगतो. प्रत्येक ठोक्याला तो मान थोडी फिरवतो, म्हणून आवाज कधी इकडून आल्यासारखा वाटतो, कधी तिकडून. नाव कळून हे दिसत नाही गं. नाव कळल्यावरही उभं राहावं लागतं. याच झाडाच्या वाळक्या फांदीला, खालच्या बाजूने, त्याने एक गोल भोक पाडलं आहे. नर-मादी आळीपाळीने आत जातात आणि दोघं दिसायला सारखीच, त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही. ते न कळणंही मला आवडतं.

आणि एकदा पिकायला आलेलं, अजून घट्ट असलेलं उंबर उचलून नखाने फोड. किडे आहेत म्हणून शी करू नकोस. उंबराची फुलं त्या फळाच्या पोटातच असतात, आणि परागण करते ती त्यातलीच एक इवलीशी गांधीलमाशी. मादी देठासमोरच्या बारीक तोंडातून आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, अंडी घालून ती आतच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. ते मादीला बाहेर पडायला भुयार कोरून देतात. ती पराग घेऊन उडते, आणि तिच्या हातात असतो जेमतेम एखाद-दुसरा दिवस. तेवढ्यात तिला कोवळी फळं असलेला दुसरा उंबर गाठायचा असतो, कारण या झाडावरची फळं साधारण एकदमच पिकायला आलेली असतात. लकडी पुलापलीकडचं, नदीकाठचं, कुठलं तरी झाड ती गाठते. तळहातावर हे सगळं चालू असतं आणि वरून गांजवे चौकाचा हॉर्न ऐकू येत असतो. आश्चर्यासाठी भरतपूर कशाला हवं?

सगळं जग त्या एका झाडापाशी येतं, तू जागेवर असलीस तर. सप्टेंबरात गच्चीवरच्या टाकीपाशी शेपूट हलवत करडा धोबी येईल, थेट हिमालयाकडून. मे महिन्यात कोकीळ ओरडून डोकं उठवेल आणि कावळा त्याच्यामागे धावेल. तो का धावतो हे तुला ठाऊक आहेच, पण ठिपक्या-ठिपक्यांची मादी त्या वेळी काय करते ते कोकिळाकडे पाठ फिरवून बघ.

पूर्वी समोर एक वावळ होता. वाडा पाडून इमारत उभी राहिली त्या वेळी झाडावर नोटीस लागली. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हरकत घेता येते. आम्ही चौघांनी घेतली. "त्या झाडात एवढं विशेष काय?" असं विचारलं गेलं, तेव्हा धनेश पक्षी येतात एवढंच मी म्हणू शकले. कधी येतात, किती येतात, कुठल्या ढोलीपाशी घुटमळतात, हे सगळं डोळ्यांपुढे होतं, पण तारीख घालून लिहिलेली एक ओळ नव्हती. झाड गेलं. तारखा असत्या तर वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण ते काय होतं हे आता कुठेच नाही, आणि ही हळहळ जात नाही. म्हणून वही कर. तारीख आणि एक ओळ. कविता नको.

माझ्याबद्दल घरात काय बोलतात ते तुझ्या कानावर आलंच असेल. बँकेत बढती मिळत होती, बदली होणार होती, मी घेतली नाही. "झाडापायी बढती सोडली" असं नणंद अजून म्हणते. झाडापायी नाही सोडली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. पण झाड नसतं तर त्या वर्षांत मी टिकले नसते, हेही तेवढंच खरं. रात्री त्यांचं सगळं करून पहाटे गच्चीत यायचे आणि उंबरावर काल नव्हतं असं काहीतरी आज असायचं. कोवळं पान, नवं भोक, वटवाघळांनी खाली टाकलेला चोथा. मला तेवढं पुरलं. कमी मिळवलं असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे, मी ते मानत नाही. मानणारही नाही.

तुझी मैत्रीण याला पळवाट म्हणते. पळवाट असती तर तू परत अभ्यासिकेत गेली नसतीस. रोज जातेस ना? मग तिला एवढंच सांग, आणि वाद घालू नकोस. पूर्व परीक्षा निघाली तुझी. मुख्यचा अभ्यास कर, कसून कर. पण निकाल लागल्यावर झाडाकडे बघेन असं म्हणून ते पुढे ढकललंस तर मी खरंच रागावेन. एकच झाड, रोज, आणि आत्ता.

गच्चीची किल्ली चपलांच्या स्टँडमागे खिळ्याला आहे. साडेसहाच्या आत वर ये, आठनंतर शेजारच्या बांधकामाचं ड्रिल सुरू होतं आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. टाकीच्या उत्तरेला उभी राहा, तिथून वाळकी फांदी सरळ दिसते. चहा मी करते, पण साखर तुझी तू घाल.

तुझी,
काकू