वाचकांचे प्रश्न : कमानपाटे, ठोकळे आणि दोन इंच उंची

प्रश्न : माझी फोर बाय फोर पिकअप आहे. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग). शेताकडचा शेवटचा टप्पा तांबड्या मातीचा, चाकोऱ्या पडलेला. हौद्यात डीएपीची सहा पोती टाकली की मागची बाजू बसते आणि खड्ड्यात धाडकन आपटते. गॅरेजवाले एक्सल (मागच्या दोन चाकांमधला आडवा दांडा) आणि पाट्यांच्या मध्ये दोन इंची लोखंडी ठोकळे घालू म्हणतात. घालावेत का?
– एक वाचक, पाटण (जि. सातारा)

उत्तर : घालू नका. ठोकळ्याने आपटणं काही दिवस थांबेल, पण थकलेला पाटा थकलेलाच राहतो आणि आता आणखी खाली वाकतो. शिवाय चढावर लो गिअरमध्ये जोर दिला की एक्सल मुरगळतो, पाटा इंग्रजी एससारखा वळतो आणि यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) ढिले पडतात.

आधी मोजा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही बाजूंना, एकदा रिकामं आणि एकदा सहा पोत्यांसह. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरहून जास्त फरक निघाला तर एखादा पाटा तुटलेला असू शकतो. सेंटर बोल्टजवळ (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) चीर शोधा.

पाटे घेताना खरं वजन सांगा. सहा पोती म्हणजे 300 किलो, तेही कधीमधी. मग खाली एक मदतनीस पाटा (वजन वाढलं की भार घेणारा जादा पाटा) पुरतो. 500 किलोचा कडक संच बसवलात तर रिकाम्या गाडीचं चाक दगडावरून उडेल आणि चढावर पकड सुटेल. पाटा वाढवला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

यू-बोल्ट नवेच घ्या. जुन्यांचे आटे ताणलेले असतात. टॉर्क पान्याने कोपऱ्यांवर आलटून-पालटून आवळा, 100 किलोमीटरनंतर पुन्हा. बुशचे (पाट्यांच्या टोकांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पाट्यांवर जुनं इंजिन ऑइल ओतू नका: तांबडी धूळ चिकटून कानसीसारखी घासते, रबर फुगतं.

उंची वाढवायचीच असेल तर दोन इंचांवर थांबा. मागचा डिफरन्शियल (एक्सलच्या मधला गिअरचा गोळा) त्याने एक मिलिमीटरही उचलला जात नाही. तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो, व्यास दोन सेंटीमीटर वाढला तर एक सेंटीमीटर. चाक पूर्ण लोंबकळत असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, शॉकअपची लांबी पुरते ना, हे पाहा. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलला जोडलेला भारानुसार ब्रेक देणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी पडतो. त्याची दांडी जुळवून घ्या, मग व्हील अलाइनमेंट, मग हेडलाइट. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आरसीशी न जुळणारे फेरफार चालवून घेत नाही, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

प्रश्न : द्राक्षाच्या क्रेट वाहणाऱ्या पिकअपचा सेंटर बोल्ट तिसऱ्यांदा तुटला. बोल्ट हलका मिळतोय का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : सेंटर बोल्टचं काम पाटे आणि एक्सल जागेवर धरण्याचं; जोर झेलायचे ते यू-बोल्टनी. ते ढिले असले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो. चारही यू-बोल्ट बदला. मग पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल वळणाच्या) बोल्टपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. ते सारखं नसेल तर एक्सल सरकलाय आणि गाडी तिरकी चालतेय.