जीपीएस असताना विमानांना 'गगन' वेगळं कशाला लागतं?

वाटेत दिशा धरायला जीपीएस पुरतो, ढगांतून धावपट्टीकडे उतरताना नाही. गाडी नकाशावर पाच-दहा मीटर सरकली तर काही बिघडत नाही. विमानाच्या उंचीत तेवढी चूक परवडत नाही. आणि जीपीएस नेमका उंचीतच जास्त चुकतो.

म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने जीपीएसची चूक दुरुस्त करणारी 'गगन' ही यंत्रणा उभारली. देशभरातल्या 15 संदर्भ केंद्रांची जागा अगदी काटेकोर मोजलेली आहे, त्यामुळे जीपीएसचा सिग्नल किती चुकतोय ते तिथे लगेच कळतं. बंगळूरला त्यावरून दुरुस्ती काढतात, ती भूस्थिर उपग्रहांकडे (जीसॅट-8, जीसॅट-10) जाते आणि तिथून जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवर विमानात उतरते.

खरी डोकेदुखी आयनोस्फिअरची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातल्या विद्युतभारित थराची. त्यातून येताना जीपीएसचा सिग्नल रेंगाळतो आणि चूक वाढते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे सूर्यास्तानंतर हा थर इथे फार खवळतो. अमेरिकेच्या 'वास' या अशाच यंत्रणेचं गणित जसंच्या तसं चाललं नसतं. इस्रोला स्वतःचं मॉडेल करावं लागलं.

माझ्या मते अचूकतेपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे इशारा: सिग्नल भरवशाचा राहिला नाही तर वैमानिकाला काही सेकंदांत कळतं. नुसता जीपीएस इतक्या तत्परतेने सांगत नाही.

फायदा मुंबई-दिल्लीपेक्षा लहान विमानतळांना जास्त, कारण तिथे महागडी आयएलएस (धावपट्टीजवळून रेडिओ सिग्नलने विमानाला उतरायला मदत करणारी) यंत्रणा बहुधा बसवलेली नसते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान 'गगन'च्या मदतीने उतरलं, ते याच कारणासाठी. मात्र विमानात त्यासाठीचा रिसीव्हर हवा. जुन्या विमानांत तो बसवणं खर्चिक पडतं.