हवामान बदलाबद्दल कॅथलिक चर्च नेमकं काय म्हणतं? निसर्गाची नासाडी पाप धरतात का?

हो, धरतात. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं, त्यात निसर्गाची हानी हे पाप असल्याचं पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमधले सगळ्यात मानाचे धर्मगुरू बार्थोलोम्यू यांचं म्हणणं उचलून धरलंय. माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली म्हणजे ओरबाडायची मुभा दिली, हा अर्थ पोप फ्रान्सिस यांनी त्यात चूक ठरवला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात बाग ‘मशागत कर आणि राख’ असं सांगितलंय, त्यातल्या ‘राख’वर, म्हणजे सांभाळण्यावर, त्यांचा जोर होता.

मला स्वतःला पाण्याचा भाग सगळ्यात पटला. पिण्याचं स्वच्छ पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क, ते बाजारातली वस्तू करू नका, असं त्यात सरळ लिहिलंय. मी लातूरचा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याआधी टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की बाया हातातलं पीठ तसंच ठेवून हंडे घेऊन पळायच्या. ज्याच्याकडे पैसे, तो खाजगी टँकर बोलवायचा. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐका, हे वाचताना मला तेच हंडे आठवले. (उसाला लागणाऱ्या पाण्याबद्दल काही लिहीत नाही, भांडणं होतील!)

कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कार्बन वायू सोडण्याच्या परवान्यांच्या, खरेदी-विक्रीवर मात्र पोपना शंका होती. 2023 मध्ये ‘लाउदाते देउम’ या पुढच्या पत्रात त्यांनी हवामान बदल नाकारणाऱ्यांना आणखी रोखठोक सुनावलं, त्यात चर्चमधलेही आले.