गोव्याच्या उकाड्यात ब्रशने दाढी करताना थंडावा देणारं कुठलं क्रीम घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बदली होऊन पुण्याहून मडगावला आलात, ब्रश आणि दोन धारांच्या ब्लेडने दाढी करता, दाढी संपायच्या आत पुन्हा घाम फुटतो. आता प्रोरासोचं हिरवं क्रीम, आर्को कूल की आपलं देशी मेंथॉलवालं (मेंथॉल म्हणजे पुदिन्यातला गारवा देणारा पदार्थ), यातलं काय घ्यावं ते ठरत नाही.

आधी उत्तर देऊन टाकतो. एकच नळी घ्यायची असेल तर प्रोरासो हिरवं घ्या. तेवढे पैसे घालायचे नसतील तर आर्को कूल घ्या, पस्तावणार नाही. पण त्याआधी दाढीचं पाणी बदला. निम्मा थंडावा पाण्यात असतो, आणि ते कुणी सांगत नाही कारण पाणी नळीत भरून विकता येत नाही.

मी फोंडा तालुक्यातला. नोकरी पणजीत पाटोवर, आणि वर्षातून दोन-तीनदा जत्रेतल्या नाटकात तोंडाला रंग लावतो. आमचे रंगभूषाकार रंगाची डबी उघडण्याआधी गालावरून उलटं बोट फिरवतात, खुंट लागला की सरळ मोरीकडे बोट दाखवतात. गुळगुळीत दाढी, वर रंगाचा थर आणि दिव्यांखाली तीन-चार तास घाम, असं सगळं सोसायचं असतं. त्यामुळे या विषयात माझा चेहरा बराच भाजून निघाला आहे असं समजा.

या क्रीमांतलं मेंथॉल चेहरा थंड करतच नाही. गालाला थर्मामीटर लावलात तर पारा जागचा हलणार नाही. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर गारठा ओळखणारी प्रथिनाची एक झडप असते, तिचं नाव टीआरपीएम८. एरवी ती साधारण २६ अंशांच्या खाली उघडते. मेंथॉल तिला बिलगलं की त्याहून उबदार असतानाही उघडते आणि मेंदूला निरोप जातो, गार लागतंय. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोघांनी ही झडप २००२ साली आपापल्या प्रयोगशाळेत वेगवेगळी शोधली. २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं ते तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या अशाच झडपांच्या कामाबद्दल.

आता हे गोव्याला लावून बघा. इथे मे महिन्यातही पारा तेहतीस-चौतिसाच्या फार वर जात नाही. नागपूरवाले हसतील. पण हवेत आधीच एवढं पाणी असतं की घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर गारवा कुठून येणार? पुण्यात ओला चेहरा वाऱ्याला धरला की बरं वाटायचं, तो सुकण्याचा गारवा होता. इथे तो मिळत नाही. मेंथॉलला मात्र हवा दमट आहे की कोरडी याच्याशी काही देणंघेणं नाही, ते थेट मज्जातंतूशी बोलतं. म्हणून कोरड्या उन्हाळ्यात जे क्रीम निव्वळ चैन वाटतं ते आपल्याकडे खरंच उपयोगी पडतं.

याच्याच पोटात पाण्याची गोष्ट आहे. मेंथॉलने झडप सैल करून ठेवलेली असते, त्यावर गार पाणी पडलं की ती सताड उघडते. उलट कोमट पाणी मारलंत तर केलेलं काम पुसलं जातं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी सकाळी नऊलाच कोमट असतं, दुपारी तर चहाला ठेवल्यासारखं. त्या पाण्याने तोंड धुऊन लोक म्हणतात क्रीममध्ये दम नाही. मी रात्री एक तांब्या भरून मोरीच्या खिडकीत ठेवतो, घरात मातीचा माठ असेल तर त्यातलं दोन पेले घेतो. आंघोळ आधी, म्हणजे दाढीचे केस पाणी पिऊन मऊ होतात. मग फेस आणि शेवटचं धुणं माठाच्या पाण्याने. फेस गार पाण्यातही होतो, थोडा जास्त वेळ ब्रश फिरवावा लागतो एवढंच. बर्फ लावू नका, केस ताठ होतात आणि ब्लेड ओढतं.

पाण्याची दुसरी बाजू फेसाची. पुण्यात तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते जड. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडून राखाडी रंगाचा चिकट साका होतो, फेस बसतो, आणि माणूस आणखी क्रीम पिळतो. आमच्याकडे चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतलं विहिरीचं पाणी मऊ असतं, ओपा जलप्रकल्पाच्या नळाचंही मला तसंच वाटतं. तुम्हाला मडगावात बहुतेक साळावली धरणाचं पाणी येत असेल. पुण्याच्या सवयीने दोन इंच क्रीम घेऊ नका, काजूच्या बीएवढं पुरे. मेंथॉलवाल्या क्रीमला हे जास्त लागू, कारण क्रीम दुप्पट म्हणजे मेंथॉलही दुप्पट, आणि थंडावा एका मर्यादेनंतर थंडावा राहत नाही, झोंबतो. समुद्राच्या अगदी कडेला, कोलवा-बाणावलीकडे भाड्याने राहत असाल आणि विहीर उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर मात्र वेगळं. मिठाच्या पाण्यात साबण फाटतो. तिथे दाढीपुरतं नळाचं पाणी घ्या.

आता क्रीमं. प्रोरासो ही इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मार्तेल्ली घराण्याची, १९४८पासूनची. हिरव्या नळीत मेंथॉल आणि निलगिरीचं तेल, पांढऱ्यात ओट आणि ग्रीन टी, लाल चंदनाच्या वासाची. तुम्हाला हवी ती हिरवीच, बाकीच्यांच्या नादी लागू नका. १५० मिलीची नळी मला रोजच्या दाढीला पाच-सहा महिने जाते. हिची गंमत अशी की थंडावा अंगावर येत नाही. फेस लावताना थोडासा, ब्लेड फिरताना विसरायला होतो, आणि गार पाण्याने तोंड धुतलं की एकदम उमलतो. मला तो पंधरा-वीस मिनिटं टिकतो, म्हणजे शर्टाची बटणं लावून स्कूटर काढेपर्यंत. फेस दाट पण जड नाही, ब्लेडखाली नीट सरकतो. वास निलगिरीचा, त्यामुळे घरच्यांनी पहिल्या दिवशी कुणाला सर्दी झाली म्हणून विचारलं होतं.

आर्को कूल तुर्कस्तानची, एव्याप कंपनीची. थंडावा मला प्रोरासोपेक्षा किंचित जास्त लागला आणि लवकर लागला, ब्रश गालावर टेकताक्षणीच. पण उतरतोही लवकर. वास सरळसोट पुदिन्याच्या गोळीचा, त्यात निलगिरीची खोली नाही. फेसाला मात्र तोड नाही, नवशिक्याच्या हातूनही होतो. एक लक्षात घ्या, आर्कोची जी पांढरी कांडी मिळते, साबणाची, लिंबूगवती वासाची, ती वेगळी. उत्तम साबण आहे, पण थंडावा शून्य. नाव बघून कांडी मागवली आणि कूल काहीच वाटत नाही म्हणून वैतागला, असा एक मित्र माझ्याच ऑफिसात आहे.

देशी नळ्यांमध्ये गोदरेजचं मेंथॉल मिस्ट आणि पार्क अव्हेन्यूचं कूल ब्लू मी वापरली आहेत. थंडावा सौम्य आणि सुगंध ठळक, असा दोन्हींचा स्वभाव. माठाचं पाणी जोडीला असेल तर रोजच्या घाईत भागतं. म्हापशाच्या बाजारात मिळालेल्या आणखी एका नळीचं नाव घेत नाही, तिच्यात थंडावा इतका होता की डोळ्यांतून पाणी यायचं आणि फेस मात्र दोन मिनिटांत बुडबुड्यांसारखा फुटायचा. तेव्हापासून मी नळीच्या पाठीवरची घटकांची यादी वाचतो. घटक उतरत्या प्रमाणात लिहितात, फक्त एक टक्क्याच्या खालचे कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. मेंथॉल त्या शेपटीतच असतं, तेव्हा यादीवरून थंडाव्याचा अंदाज येत नाही. पण सुरुवातीला स्टिअरिक आम्ल, पाणी, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन, खोबरेल किंवा त्याचं आम्ल अशी मंडळी दिसली तर फेस चांगला निघणार, हे बहुतेक वेळा खरं ठरतं.

गोव्यात आणखी एक नळी हटकून भेटते, ती लिस्बनला गेलेला शेजाऱ्याचा मुलगा आणतो: मुस्गो रेआल, पोर्तु शहरातल्या क्लाउस पोर्तु कंपनीची. भेट मिळाली तर जरूर घ्या. फेस लोण्यासारखा. पण मूळ वासाची जी हिरवी नळी सगळे आणतात तिच्यात थंडावा नाही, तेव्हा ती डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवा.

तुलना स्वतःच करायची असेल तर एक दिवस हे आणि दुसऱ्या दिवशी ते, असं करू नका. हवा बदलते, ब्लेड बोथट होतं, रात्रीची झोप बदलते. एकाच सकाळी डाव्या गालाला एक, उजव्याला दुसरं. सौम्य असेल ते आधी लावायचं आणि मध्ये ब्रश स्वच्छ धुवायचा, नाहीतर मेंथॉल ब्रशमधून पलीकडे जातं. आरशात अर्ध्या तोंडाचे दिसता, पण निकाल चोख लागतो.

आणि आता माझा मूर्खपणा. हे सगळं कळल्यावर मला वाटलं, नळ्या कशाला, मेंथॉलच घालू. काष्ठौषधींच्या दुकानात पुदिन्याचे फूल म्हणून जे सुईसारखे स्फटिक मिळतात ते मेंथॉलच. घरोघरच्या अमृतधारेत कापूर आणि ओव्याचे फूल यांच्यासोबत तेच असतं, तिन्ही कोरडे पदार्थ एकत्र ठेवले की आपोआप पाणी होतात. (हे मेंथॉल बहुतेक उत्तर प्रदेशातल्या मेंथ्याच्या, म्हणजे पुदिन्याच्या जातीच्या पिकाच्या, शेतांतून येतं, बाराबंकीकडून. जगालाही मोठा पुरवठा तिथूनच होतो, तेव्हा इटालियन नळीतला थंडावाही कदाचित आपलाच.) तर मी हरभऱ्याएवढा खडा साध्या क्रीममध्ये चुरडला आणि गरम पाण्याने फेस केला. स्फटिक ४२ अंशांच्या आसपास वितळतात आणि पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे ते फेसात सारखे पसरले नाहीत. कुठे काहीच नाही, आणि वरच्या ओठावर निखारा. वाफ डोळ्यांत गेली. अर्धी दाढी झालेली, डोळे मिटलेले, मोरीत तांब्या चाचपडतोय. संध्याकाळी जत्रेच्या नाटकात मला सरदाराची भूमिका होती, म्हणजे भरघोस मिशी, आणि ती मिशी स्पिरिट गमने नेमकी त्याच ओठावर चिकटवायची. दरबारात राजासमोर मी जे अश्रू ढाळले त्यांचं नंतर फार कौतुक झालं.

तेव्हा ते करू नका. नळीतलं प्रमाण कुणीतरी मोजून घातलेलं असतं.

मेंथॉलबद्दल एक इशारा मनापासून देतो. ते थोडं बधिर करतं. ब्लेड कातडीला टोचतंय हे एरवी कळतं ते कळेनासं होतं, आणि छान गार वाटतंय म्हणून माणूस उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने ब्लेड, मारत सुटतो. हिशेब तासाभराने कळतो, बसमध्ये मानेवर घाम उतरला की. थंडावा देणारं क्रीम असताना मी ब्लेड एका दाढीने लवकर बदलतो आणि मानेवर उलटा हात मारतच नाही. पुरळ किंवा जखम असेल तर त्या दिवशी साधं क्रीम. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघा.

दाढीनंतर तुरटीचा ओला खडा फिरवा, गावातले सलूनवाले करतात तोच. कुठे आग होते त्यावरून आज हात कुठे जड पडला ते समजतं. त्यावर अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह मारलंत तर तो खरा थंडावा, कारण अल्कोहोल उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातं, पण मेंथॉलवर मेंथॉल नको. फेणी लावतात का, असं माझ्या पुण्याच्या चुलतभावाने गंभीरपणे विचारलं होतं. लावू नका. ऑफिसात खुलासे देत बसाल.

ब्रशबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. डुकराच्या केसांचा ब्रश आणला असाल तर जूनपासून तो वाळणार नाही आणि वास मारू लागेल. पावसाळ्यापुरता कृत्रिम केसांचा घ्या, झटकला की वाळतो आणि त्यात मेंथॉलचा वासही मुरून राहत नाही. फेस करायला वेगळी वाटी विकत घेऊ नका, घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी हातात मस्त बसते.

नळी मागवण्याआधी घरी पाणी धरणाचं येतं की विहिरीचं, तेवढं टिप्पणीत कळवा. विहिरीचं असेल तर एकदा चाखून बघा आणि मचूळ लागतं का तेही लिहा.